चाकांवरचा देवदार

मी देवदार बोलतोय. देवदार म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर डोंगर येत असेल, धुकं येत असेल, आभाळात घुसलेली झाडांची रांग येत असेल. तसला मी नाही. मी कुंडीतला. तीन मजली इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीशेजारी माझा मुक्काम आहे, आणि माझी उंची घराच्या दाराइतकी.

झाडं कशी शांत उभी असतात, असं तुम्ही लोक येता-जाता म्हणता. आम्ही तोंड उघडत नाही म्हणून तुम्हाला तसं वाटतं. मला तर लहानपणापासून स्वस्थता ठाऊक नाही. वरून जागच्या जागी दिसलो तरी मातीखाली माझी मुळं सतत कुठेतरी निघालेली असतात. आणि कुंडीत निघून निघून जाणार कुठे? भिंत लागली की वळायचं. पुन्हा भिंत, पुन्हा वळायचं.

माझा जन्म रोपवाटिकेतला. बी कुठल्या झाडाचं, कोणी आणलं, काही माहीत नाही. जाण आली तेव्हा मी काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत होतो आणि माझ्यासारखीच कितीतरी रोपं खांद्याला खांदा लावून उभी होती. रोपवाटिकेची मालकीण कमरेला कात्री अडकवून फिरायची. आमच्याशी ती लेकरांशी बोलावं तसं नाही, भाडेकरूंशी बोलावं तसं बोलायची. "तू अजून इथेच का?" असं विचारायची आणि पिशवी बदलायची. दरवेळी मला वाटायचं, आता सुटलो. थोडे दिवस मुळं ऐसपैस पसरायची आणि मग पुन्हा तेच.

शेजारची रोपं एकेक करून गेली. मला गिऱ्हाईक उचलायचं, न्याहाळायचं आणि परत ठेवायचं. माझा शेंडा वाकलेला होता ना! देवदाराचा कोवळा शेंडा असाच मान टाकल्यासारखा असतो, ती आमच्या घराण्याची रीतच आहे. पण लोकांना वाटायचं, झाड आजारी दिसतंय.

मग एके दिवशी बस डेपोतली माणसं आली. त्यांचा एक ड्रायव्हर निवृत्त होत होता आणि त्याला काय द्यायचं यावर त्यांची हुज्जत चालली होती. घड्याळ त्याच्याकडे आहे. खुर्ची द्यावी, तर तो बसणार नाही. शेवटी त्यांनी मला मातीच्या निळ्या कुंडीत बसवून घेतलं. मालकिणीने जाताना बजावलं, की झाडाला आठवड्यातून एकदा थोडं फिरवा, म्हणजे सगळ्या अंगांना ऊन लागेल. आणि कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका, या झाडाला ओले पाय अजिबात चालत नाहीत.

निरोपाच्या कार्यक्रमात कोणीतरी भाषण केलं, "आता तुम्हीही एका जागी आणि हेही एका जागी." सगळे हसले. ड्रायव्हरही हसला. पण त्याचा हात माझ्या कुंडीच्या काठावर होता आणि बोटं सारखी ताल धरत होती. मला तेव्हाच कळलं, या माणसाचं आणि माझं जमणार आहे.

उंच, सडपातळ, खांद्यात किंचित वाकलेला माणूस. सगळी नोकरी त्याने एकाच मार्गावर काढली होती. शहराला वळसा घालून निघाल्या ठिकाणी परत येणारी बस तो चालवायचा. घरी खुर्चीत बसला तरी मधूनच त्याचा उजवा पाय जमिनीवर हळूच दाबला जायचा, जसं काही समोर कोणी आडवं आलंय. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. घरात दोघंच, तो आणि त्याची मुलगी. ती त्यांना बाबा म्हणायची, म्हणून मीही तेच म्हणतो. तिला लहानपणापासून सगळ्यांना शिस्त लावायची खोड, म्हणून बाबा तिला मास्तरीण म्हणायचे. प्रत्यक्षात ती हॉस्पिटलात नर्स होती आणि तिला बहुतेक रात्रपाळी असायची.

मी गच्चीवर आलो त्याच आठवड्यात बाबांनी डेपोच्या वर्कशॉपमधून चार चाकं आणली, फळीला ठोकली आणि मला त्या फळीवर चढवलं. मालकिणीने आठवड्यातून एकदा थोडं फिरवायला सांगितलं होतं. बाबांनी माझी पाळीच लावून टाकली. सकाळी पूर्वेच्या कोपऱ्यात, दुपारी टाकीच्या सावलीत, ऊन कललं की कपड्यांच्या दोरीपाशी. वारा सुटला की पुन्हा टाकीच्या आड. चाकं फरशीच्या सांध्यांवरून खडखड करत जायची. खरं सांगू का, मला ते फार आवडायचं. कुठल्या देवदाराच्या नशिबी प्रवास असतो?

पण आमच्या बरोबर खाली मास्तरीण झोपायची. रात्रभर वॉर्डात उभी राहून सकाळी घरी यायची, पडदे ओढून आडवी व्हायची, आणि डोळा लागतो न लागतो तोच डोक्यावरून आमची गाडी निघायची. काही दिवस तिने सोसलं. मग एका सकाळी ती वर आली. केस विस्कटलेले, डोळे लाल, गाऊन उलटा घातलेला.

"बाबा," ती अगदी हळू आवाजात म्हणाली, "या झाडाला कुठे पोचायचं आहे?"

त्या दुपारी बाबांनी सायकलची जुनी ट्यूब कापून चाकांवर रबराच्या पट्ट्या चढवल्या. खडखड गेली, नुसती सळसळ उरली. त्याच संध्याकाळी मास्तरीण चहाचे दोन कप घेऊन वर आली. दोघं माझ्या दोन बाजूंना उभी राहून चहा प्यायली. भांडण मिटलं, हे एकमेकांना सांगायची त्यांची हीच पद्धत होती.

अशी काही वर्षं गेली. मी वाढलो, निळी कुंडी बदलून मोठी आली. लोक जिन्यात भेटले की बाबांना म्हणायचे, आता आराम करा. हे तुमचं एक मला कधी कळलं नाही. ज्याला आराम नको असतो त्यालाच तुम्ही तो हटकून देता आणि मग त्याला त्या आरामासोबत एकटं सोडून निघून जाता.

मग एका हिवाळ्यात बाबांचं काहीतरी बिनसलं.

आधी मला वाटलं, वय झालं. मला ढकलत नेताना माझी डावीकडची फांदी जिन्याच्या दाराला घासायला लागली. एकदा नाही, रोज. आणि नेहमी डावीकडचीच. पूर्वी बाबा गच्चीवर शीळ घालत भराभरा यायचे. आता भिंतीला हात लावत येऊ लागले. वाळत घातलेल्या चादरीत एकदा सरळ शिरले आणि मग कोणी पाहिलं का म्हणून इकडेतिकडे बघत राहिले. पाहिलं होतं फक्त मी.

माझ्या कुंडीखालची ताटली ते रोज ओतून टाकत. ते बंद झालं. त्यांना ती दिसतच नव्हती. माती कोरडी आहे का, हे बोट घालून बघत; पण गच्चीवरच्या वाऱ्याने वरचा थर कोरडाच लागायचा, आणि खाली माझी मुळं चिखलात उभी असायची. तहान लागली असेल म्हणून बाबा आणखी पाणी घालायचे. सांगायचं कसं? आमच्याकडे सांगायला एकच भाषा, रंग. आधी भिंतीकडच्या सुया फिक्या पडल्या, मग पिवळ्या, मग तपकिरी. मी जीव तोडून ओरडत होतो असंच समजा. पण ज्याच्यासाठी ओरडत होतो त्याला नेमका तोच आवाज ऐकू येत नव्हता.

मास्तरीण त्या दिवसांत गच्चीवर फारशी येत नसे. हॉस्पिटलात तिच्यामागे धावपळ होती. दुसऱ्या शहरात, मोठ्या हॉस्पिटलात, ऑपरेशन थिएटरच्या कामाचं शिक्षण घ्यायला तिची निवड झाली होती. दोन वर्षं तिकडे राहायचं. तिला हे किती दिवसांपासून हवं होतं ते मला ठाऊक आहे, कारण बाबा मला ढकलताना स्वतःशी तेच बोलत असायचे. ही जायला हवी, ही जायला हवी.

जायचं की नाही, हे ठरवायला ती एका संध्याकाळी वर आली. हातात घराची चावी होती, ती नुसती फिरवत होती. तुम्ही एकटे कसे राहाल, असं तिने विचारलं. बाबांनी उत्तर तयारच ठेवलं होतं. मी काय लहान आहे का, स्वयंपाक मला येतो, सगळे ओळखीचे आहेत, आणि शिवाय माझ्यामागे काम आहे. असं म्हणून त्यांनी माझ्या फांदीवर हात ठेवला.

"हे बघ ना, कसं ठेवलंय. सगळ्या बाजूंनी हिरवंगार."

त्यांचा हात माझ्या वाळलेल्या अंगावर होता. बोलता बोलता त्यांनी कौतुकाने हात फिरवला आणि तपकिरी सुयांचा सडा त्यांच्या चपलांवर पडला.

मास्तरीण बघत राहिली. माझ्याकडे, मग त्यांच्या चेहऱ्याकडे. मग तिने चावी उजव्या हातात घेतली, हात बाजूला लांब नेला आणि बाबांच्या कानाच्या रेषेत धरला.

"बाबा, चावी कुठल्या हातात आहे?"

बाबा समोर बघत होते. वाऱ्याने दोरीवरचे चिमटे एकमेकांवर आपटले.

"कळलं तुला," बाबा म्हणाले.

मग सगळं बाहेर आलं. गेल्या हिवाळ्यापासून कडेचं दिसणं बंद होत चाललं होतं. आता मधलाही भाग धुरकट झाला होता, रंग कळत नव्हते. तिला सांगितलं असतं तर ती गेली नसती, म्हणून सांगितलं नव्हतं. मास्तरीण ओरडली नाही. तिने खाली वाकून माझ्या ताटलीतलं हिरवट पाणी ओतून दिलं आणि म्हणाली, उद्या डॉक्टरांकडे जायचं.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला बाबांच्या बोलण्यातून कळलं. काचबिंदू. गेलेली नजर परत यायची नाही. उरलेली राखायची, तर रोज थेंब घालायचे आणि ऑपरेशन करायचं. ऑपरेशन झालं. उरलं ते राहिलं. एका नळीतून बघावं तेवढं, तेही अंधुक.

आणि मास्तरिणीने त्या दुसऱ्या शहरातल्या हॉस्पिटलाला फोन करून कळवून टाकलं, की मला यायला जमणार नाही.

ते कळल्यावर बाबा तिच्याशी बोलेनासे झाले. रोज वर येत, माझ्या कुंडीचा काठ हातात धरत आणि मला जागचं न हलवता तसाच सोडून देत. पुन्हा धरत, पुन्हा सोडत. गच्चीच्या या कठड्यापासून त्या कठड्यापर्यंत चालत, वळत, परत येत. खाली मास्तरीण भांडी जरा जास्तच जोरात ठेवायची. मी मध्ये उभा. माझ्या सुया तर वारा नसतानाही गळायला लागल्या होत्या.

शेवटी मास्तरिणीनेच रोपवाटिकेच्या मालकिणीला बोलावून आणलं. आता तिचे केस पिकले होते, कमरेला कात्री तशीच होती. तिने मला भोवताली फिरून पाहिलं, बुंध्याला नखाने ओरखडलं, माती हुंगली. म्हणाली, मुळं कुजली आहेत. वाळलेली बाजू आता कधी फुटायची नाही, या झाडाच्या जुन्या लाकडाला नवी पालवी येत नाही. एकतर टाकून द्या, नाहीतर कुजकं सगळं काढून मोकळ्या भुसभुशीत मातीत लावून बघा. हिवाळा संपत आलाय, करायचं तर आत्ताच. जगेल असं मी सांगत नाही.

"टाकूनच देऊ," मास्तरीण म्हणाली. "तेवढंच एक काम कमी."

मी हे स्पष्ट ऐकलं. तिचा राग माझ्यावर नव्हता, हेही मला कळत होतं. तरी ऐकून माझ्या उरल्यासुरल्या मुळांत गारठा भरला.

"मी करतो," बाबा म्हणाले. कितीतरी दिवसांनी ते तिच्यासमोर बोलले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला कुंडीतून उपसलं. जन्मात पहिल्यांदा माझी मुळं माती झटकून उजेडात आली, आणि काय सांगू, माझी मलाच लाज वाटली. कुंडीच्या आकाराचा गोल गोल गुंता, जशी काय दोरीची चुंबळ. मालकीण एकदा करून दाखवून गेली होती. कुजलेलं मूळ चिमटीत धरलं की त्याची साल मोज्यासारखी निघून येते; जिवंत मूळ टणक लागतं. बाबा पाटावर बसले, मांडीवर गोणपाट घेतलं, आणि एकेक मूळ बोटांनी चाचपायला लागले. डोळे त्यांनी मिटूनच घेतले होते. समोर मास्तरीण माझा बुंधा धरून बसली होती. पाळी संपवून थेट वर आली होती, अजून कामाचेच कपडे अंगावर.

बराच वेळ नुसती कात्री चालत होती. मग बाबा म्हणाले, "तू जा."

"ते संपलं बाबा. मी नाही कळवलंय."

"पुन्हा कळव. विचारून तर बघ, तुझ्यासारखीला ते नाही म्हणणार नाहीत."

मास्तरिणीचा हात माझ्या बुंध्यावर घट्ट झाला. "आणि तुम्ही पडलात तर?"

"पडेन. उठेन."

"उचलायला कोणी नसलं तर?"

"तर थोडा वेळ पडून राहीन. आभाळ बघत." बाबांनी एक कुजकं मूळ बाजूला टाकलं. "अगं, मला दिसत नाही हे मला सोसेल. माझ्यामुळे तू इथे बसलीस, हे नाही सोसणार. मला एका जागी बसता येत नाही, तुला माहीत आहे. तुला तर माझ्याइतकंही येत नाही."

ती रडली नाही. ती रडणाऱ्यातली नव्हतीच. तिने मान खाली घातली आणि माझ्या उरलेल्या फांद्यांत तोंड लपवलं, तेवढं मला जाणवलं. मग नाक ओढून मास्तरिणीने अटी घालायला सुरुवात केली. पांढरी काठी वापरायची. काठी शिकवणाऱ्या बाई येतील, त्यांच्याशी वाद घालायचा नाही. थेंब चुकवायचे नाहीत. रोज फोन. बाबांना त्या काठीचा मनापासून तिटकारा होता. चारचौघांत ती हातात धरणं म्हणजे सगळ्या शहराला सांगणं. पण ते प्रत्येक अटीला हो म्हणाले, आणि प्रत्येक 'हो'बरोबर एक मूळ कापत गेले.

मग माझी वाळलेली बाजूही करवतीने काढली. जुन्या लाकडी पिंपाला खाली भोकं पाडून, झाडांच्या सालींचा भुगा आणि जाड वाळू मिसळलेल्या मातीत मला लावलं. ताटली दिली नाही. मालकिणीने निरोप पाठवला होता, की नवी मुळं धरेपर्यंत याला हलवायचं नाही, हिसका बसला तर मेलं समजा. म्हणून चाकांची फळी काढून टाकली गेली.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते विचारू नका. खाली पकड नाही, एक अंग उघडं, वारा आला की वाटायचं आता आडवा होतो. मला तर आता कुणी ढकलतही नव्हतं. फिरत होते ते बाबा. काठी शिकवणाऱ्या बाईंबरोबर, आणि बाई गेल्यावर एकटेच, ते माझ्याभोवती काठी आपटत फेऱ्या घालायचे. टक, टक, माझ्या पिंपाला लागली की ठक. थांबायचे, वळायचे. पहिल्या दिवसांत काठी अशी आपटायचे की जणू जमिनीशीच भांडण आहे. हळूहळू हात हलका झाला.

त्या मोठ्या हॉस्पिटलाने मास्तरिणीला पुन्हा बोलावलं. जायच्या दिवशी बॅग खाली ठेवून ती वर आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "सांभाळून राहायचं." बाबा तिच्यामागेच उभे होते. ती हे मला म्हणाली की त्यांना, ते दोघांनीही विचारलं नाही.

ती गेली, आणि उन्हं तापायला लागता लागता माझ्या फांद्यांच्या टोकांना पोपटी फूट आली. मऊ, ओलसर. रोज सकाळी बाबा बोटांच्या टोकांनी ती मोजल्यासारखी चाचपतात आणि फोनवर तिला कळवतात. तीही तिकडून आपलं काहीबाही सांगते, आणि बाबा भिंतीला टेकून ऐकत राहतात. उजवा पाय मात्र तेव्हाही हलत असतो.

आणि आता ते एकटे बाहेर पडायला लागले आहेत. रस्त्यापलीकडच्या थांब्यावर जातात, शहराला वळसा घालणाऱ्या बसमध्ये बसतात आणि फिरून परत येतात. कशाला, असं लोक विचारतात. मी नाही विचारत.

माझा शेंडा कठड्याच्या वर आहे, त्यामुळे मला रस्ता दिसतो. बाबा फाटकातून बाहेर पडले की माझ्या अंगातली प्रत्येक सुई उभी राहते. काठी फुटपाथच्या कडेला लागते, ते थांबतात, कान देतात. गाड्या जातात. मी इथून काय करणार? ते रस्ता ओलांडून पलीकडे पोचले की वाटतं, झालं. पण मग ते थांब्यावर उभे राहतात आणि खरा घोटाळा तिथेच होतो. बस येते, पाटी त्यांना वाचता येत नाही. विचारायला तोंड उघडेपर्यंत कोणी दयाळू माणूस त्यांचा दंड धरून त्यांना भलत्याच बसमध्ये चढवतो, नाहीतर ओढत पुन्हा रस्त्याच्या अलीकडे आणून सोडतो. कालच असं झालं. बाबांनी त्या माणसाचे आभार मानले, तो दिसेनासा होईपर्यंत वाट पाहिली, आणि पुन्हा काठी टेकत पलीकडे गेले.

म्हणून तुम्हाला एवढं सगळं सांगितलं. माझ्यासाठी काही मागत नाही. मला पाणी बेताचं मिळतं, ऊन भरपूर आहे. पण एखाद्या थांब्यावर उंच, खांद्यात वाकलेला, पांढरी काठी धरलेला म्हातारा तुम्हाला दिसला, तर त्याचा हात धरून ओढू नका. बाजूला उभे राहा, आणि किती नंबरची बस आली आहे तेवढं सांगा. चढायचं की नाही, ते त्याला ठरवू द्या.